मागच्या डिफरन्शियलचा ब्रीदर पाईप बदलताना

डिफरन्शियलच्या पिनियनचं (इंजिनकडून येणाऱ्या दांड्याने फिरणाऱ्या छोट्या गिअरचं) ऑइल सील नवं टाकलं तरी वर्षभरात पुन्हा पाझरतं. मागचा एक ब्रेक ड्रम उघडला की ब्रेकचा लाइनर गिअर ऑइलने भिजलेला निघतो. अशा गाडीत तिसरं सील ठोकण्याआधी अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला असलेली बोटाएवढी निपल आणि तिच्यावरचा रबरी पाईप बघा. हाच ब्रीदर, आतल्या हवेला ये-जा करू देणारी वाट. जुन्या पिकअपमध्ये तो पाईप तडकलेला असतो, निपलवरून निसटून लोंबत असतो किंवा चिखलाने पक्का बुजलेला असतो. तो बदलणं दोन-तीन तासांचं काम आहे, त्यातला निम्मा वेळ गंज आणि माती साफ करण्यात जातो.

ब्रीदर कशासाठी असतो हे आकड्यांत बघितलं तर पुढच्या बऱ्याच सूचना आपोआप पटतात. सकाळी २० अंशांवर असलेलं हाउसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) ओझं घेऊन लांब पल्ला चालल्यावर सहज ९० अंशांपर्यंत तापतं. आतली हवा कोंडलेली राहिली तर तिचा दाब सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे साधारण साडेतीन पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). सीलची ओठासारखी कड तेल आत थोपवण्यासाठी असते, सततचा दाब पेलण्यासाठी ती बनवलेलीच नसते. त्यामुळे तेल पिनियनकडून किंवा चाकांकडून वाट काढतं. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. तापलेलं अ‍ॅक्सल पाण्यात उतरलं की आतली हवा झपाट्याने आकसते. चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या धरून आत ४ लिटर हवा असेल, तर ९० वरून २५ अंशांवर येताना जवळजवळ पाऊण लिटर हवा बाहेरून ओढली जाते. त्या क्षणी पाईपचं तोंड किंवा त्यातली तडा गेलेली जागा पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं.

आधी खात्री करा

गाडी अर्धा तास चालवून आणा, सपाटीवर उभी करा आणि तेल भरायचा प्लग अगदी सावकाश सैल करा. सूं असा आवाज आला, किंवा प्लग सुटताना तेलाचा फवारा आला, तर ब्रीदर बंद आहे. हे करताना तोंड बाजूला ठेवा, चष्मा लावा, आणि तेल पोळण्याइतकं गरम असतं हे ध्यानात ठेवा. प्लग उघडाच आहे तर बोट घालून तेलही बघा. पातळी साधारण भोकाच्या खालच्या कडेशी असावी. काही मॉडेलांत ती कडेपासून थोडी खाली ठेवायला सांगितलेली असते, तेव्हा गाडीचं पुस्तक बघा. तेल दुधाळ किंवा कॉफीसारखं दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे. मग नुसता पाईप बदलून भागणार नाही, तेलही आजच काढावं लागेल.

दुसरी चाचणी थंड गाडीवर. पाईपचं वरचं टोक सोडवा, पुसा, आणि प्लग उघडा ठेवून तोंडाने फुंका. हवा अडल्याशिवाय जायला हवी. जोर लावावा लागला तर अडथळा पाईपमध्ये आहे की निपलमध्ये, ते पाईप काढल्यावर कळेल. कॉम्प्रेसरची हवा इथे चुकूनही लावू नका. प्लग बंद असताना ६०–८० पीएसआयचा झोत आत गेला तर सगळी चांगली सील एका झटक्यात उलटतात.

काय काय लागेल

सगळ्यात जास्त चूक पाईपच्या निवडीत होते. दुकानात हाताला येईल तो काळा पाईप घेतला जातो, आणि तो बहुतेक वेळा हीटरचा म्हणजे ईपीडीएम रबराचा असतो. पाणी आणि कूलंटसाठी ते रबर उत्तम, पण खनिज तेलाच्या संपर्कात ते फुगतं, मऊ पडतं आणि निपलवरून घसरतं. पारदर्शक पीव्हीसी नळी उन्हाळ्यात दबून बसते आणि थंडीत काडीसारखी मोडते. सिलिकॉन दिसायला छान असतं, पण तेलात कमजोर होतं आणि धारेला लागलं की फाटतं. घ्यायचा तो इंधनाचा नायट्राइल पाईप, ज्यावर एसएई जे३०आर६ किंवा जे३०आर७ असं छापलेलं असतं. आर९ हा इंजेक्शनचा पाईपही चालतो. तो महाग आणि थोडा ताठ असतो, पण सायलेन्सर जवळून जात असेल तर पैसे वसूल आहेत.

आतला व्यास निपल मोजून ठरवा. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये तो ६, ८ किंवा ९.५ मिलिमीटर निघतो, इंची मापात पाव, पाच-सोळांश आणि तीन-अष्टमांश. व्हर्नियर निपलच्या कडेवर लावा, मधल्या बारीक मानेवर नाही. कडेएवढा किंवा तिच्याहून किंचित लहान पाईप बसवायला त्रास देतो, पण पुढे वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. जाड भिंतीचा घ्या म्हणजे वळणावर चिमटणार नाही. लांबी कंपनीच्या जागेसाठी सहसा ६० सेंटीमीटर ते १ मीटर पुरते. टोक टाकीच्या नळकांड्यापर्यंत किंवा मागच्या दिव्याच्या पोकळीत न्यायचं असेल तर २ मीटर आणा. कापून उरलेला तुकडा वाया जात नाही.

याशिवाय पाईपच्या बाहेरच्या मापाचे दोन छोटे क्लॅम्प, रबर लावलेल्या दोन-तीन पी-क्लिपा (पाईप चेसिसला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या), काळे केबल टाय, वायर ब्रश, धारदार ब्लेड, दीड मिलिमीटरची ताठ तार, गंज सोडवणारं तेल, ब्रेक क्लीनर आणि चिंध्या. पेच असलेल्या खिट्टीच्या क्लॅम्पपेक्षा स्प्रिंगचा क्लॅम्प इथे बरा. या जोडावर दाब जवळजवळ नसतोच, आणि पेचाचा क्लॅम्प आवळता आवळता रबर कापून ठेवतो.

ब्रीदर आट्यांचा असेल आणि तोही बदलायचा असेल, तर आटे ओळखूनच नवा आणा. अमेरिकन अ‍ॅक्सलवर बरेचदा एक-अष्टमांश एनपीटी (निमुळत्या आट्यांचं अमेरिकन माप) असतो, जपानी अ‍ॅक्सलवर एक-अष्टमांश बीएसपीटी (तसंच ब्रिटिश माप). दोन्ही दिसायला सारखे आणि पहिले दोन फेरे एकमेकांत बसतातही. पण एकाला इंचात २७ आटे, दुसऱ्याला २८, आणि आट्यांचा कोनही वेगळा: ६० आणि ५५ अंश. तिसऱ्या फेऱ्याला पाना जड झाला की गडी जोर लावतो आणि हाउसिंगचे आटे खराब होतात. पिच गेज (आटे ताडून बघायची पट्टी) नसेल तर जुना ब्रीदर घेऊन जाऊन त्याच्याशी ताडून बघा.

गाडी उचलणं

जमीन पक्की आणि सपाट हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गिअर घाला. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो, म्हणून भरवसा ठोकळ्यांवर. जॅक डिफरन्शियलखाली लावून उचला, आणि घोड्या (जॅक स्टँड) चेसिसखाली लावा, मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या पिनेच्या जरा पुढे. मग जॅक हळूहळू उतरवा, म्हणजे अ‍ॅक्सल शॉकअप अडवेल तिथपर्यंत खाली लोंबेल. उतरवताना ब्रेकच्या रबरी होजवर नजर ठेवा. तो ताणला जातोय असं दिसलं की तिथेच थांबा. जॅक अ‍ॅक्सलला हलका टेकवून ठेवा. केवळ जॅकवर टांगलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, यात दुसरं मत नाही.

बऱ्याच पिकअपमध्ये गाडी न उचलताही हात पोचतो, आणि मग लोक न उचलताच पाईप बदलतात. पाईप बसतोही. पण लांबी अ‍ॅक्सल पूर्ण लोंबलेलं असतानाच मोजायची असते. उभ्या गाडीवर मोजून कापलेला पाईप पहिल्या मोठ्या खड्ड्यात ताणून निपलवरून उतरतो. निसटलेले जे पाईप सापडतात त्यांतले बरेच असे आखूडच असतात.

जुना पाईप आणि निपल

हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: पाईप कुठून गेला, कुठे क्लिपा, ब्रेकच्या नळीच्या कोणत्या बाजूने. नंतर निपलभोवतीची माती वायर ब्रशने पाडा आणि ब्रेक क्लीनरने धुवा, नाहीतर पाईप सुटल्याबरोबर ती माती सरळ भोकात जाते. मागच्या ड्रमजवळची धूळ हवेने उडवू नका. जुन्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या चिंधीने पुसा.

पाईप ओढून काढायचा मोह टाळा. वीस वर्षं जुनं रबर निपलला चिकटलेलं असतं आणि निपल गंजून कागदासारखी झालेली असते. पक्कड लावून हिसका दिला की रबरासकट ती हातात येते. ब्लेडने पाईप लांबीच्या दिशेने चिरा आणि साल काढल्यासारखा उलगडा. ब्लेड निपलला टेकल्याचं जाणवलं की हात हलका करा, कारण धातूवर पडलेला उभा ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. पाईप निघताच निपलवर चिंधी गुंडाळा.

आता भोक साफ करायचं. आत वाळलेलं तेल, गंजाचा भुगा, माती, कधी कीटकांनी केलेलं घर असतं. तारेच्या टोकाला ग्रीस लावा, फिरवत थोडी आत न्या, बाहेर काढून पुसा, पुन्हा ग्रीस. ग्रीसला कचरा चिकटून बाहेर येतो. नुसती तार खुपसली तर तो आत ढकलला जातो. तार दोन-तीन सेंटीमीटरवर अडली तर ठोकू नका. काही हाउसिंगमध्ये तेल उडून वर येऊ नये म्हणून आत पत्रा असतो आणि हवा त्याच्या कडेने जाते. निपलची बाहेरची बाजू बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा.

आट्यांचा ब्रीदर असेल तर त्यावर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडा आणि सहा कोनांचा सॉकेट वापरा. तो आतून पोकळ असतो, म्हणून मोडायला सोपा. ज्योत लावून तापवायचं नाही: वर इंधनाची टाकी, शेजारी ब्रेकचा होज, आत तेलाची वाफ. फोर्डच्या ८.८ इंची अ‍ॅक्सलच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या नळ्यांचा जोड-ठोकळा याच पोकळ बोल्टने अ‍ॅक्सलला धरलेला असतो. तो बोल्ट काढला तरी ब्रेक ऑइल सुटत नाही, पण ठोकळा मोकळा होतो. तो हाताने धरून ठेवा, नाहीतर गंजलेली ब्रेकची नळी पिरगळून तडकेल आणि काम भलतंच वाढेल.

नवा निमुळत्या आट्यांचा ब्रीदर हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने एक ते दीड फेरा. आट्यांना द्रव सीलंट लावा, पण टोकाचे पहिले एक-दोन आटे कोरडे सोडा. टेफलॉन टेपचे तुकडे सुटून भोकात अडकतात, म्हणून इथे ती नको.

निपल मोडलीच तर? ठोकून बसवलेली असेल तर उरलेला तुकडा पक्कडीने फिरवत काढता येतो. भोक झिजलं असेल तर ८.७ मिलिमीटरचं ड्रिल मारून एक-अष्टमांश एनपीटीचे आटे पाडायचे आणि पितळी निपल बसवायची. मात्र लोखंडाचा कीस आत पडतो, आणि तो नळीतून वाहत जाऊन बेअरिंगपर्यंत पोचतो. ड्रिल आणि टॅप ग्रीसने माखून, दर अर्ध्या फेऱ्याला बाहेर काढून पुसत काम करा. त्यानंतर तेल काढून, कव्हर उघडता येत असेल तर उघडून, आतून पुसा आणि चुंबक फिरवा. तेल बदलायचं होतंच असं असेल तर हे काम त्याच दिवशी लावणं शहाणपणाचं.

नवा पाईप कसा न्यायचा

मार्ग निवडायला गाडी स्वतःच मदत करते. ब्रेकचा रबरी होज अ‍ॅक्सलवरून चेसिसवर जिथे उडी घेतो, ती जागा कारखान्याने हालचालीचा अंदाज घेऊन ठरवलेली असते. ब्रीदरचा पाईपही त्याच सुमारास वर न्या, पण ब्रेकच्या होजला किंवा नळीला बांधू नका. दोन्ही एकमेकांवर घासत राहिले तर आधी झिजतो तो ब्रेकचा होज. सायलेन्सरपासून किमान १० सेंटीमीटर, हँडब्रेकच्या केबलपासून आणि शॉकअपच्या हालचालीपासून दूर, पाट्यांच्या खाली कुठेही नाही.

पाईप निपलपासून शेवटपर्यंत चढता असावा. मध्ये एक जरी झोळ राहिला, तर तेलाची वाफ आणि दमटपणा थंड होऊन तिथे साठतो. सिंकखालच्या वाकड्या नळीत पाणी अडतं तसंच हे: भोक मोकळं, पाईप नवा, तरी ब्रीदर बंद. थंडीत साठलेलं पाणी गोठलं तर तो पूर्णच बंद. जास्तीची लांबी गुंडाळी करून चेसिसला बांधणं ही याच जातीची चूक.

इथे एक अडचण येते. लांबी अ‍ॅक्सल लोंबलेलं असताना मोजली, म्हणजे अ‍ॅक्सल वर आल्यावर पाईपला ढील येणार, आणि तो ढील खाली न पडता वर किंवा बाजूला फुगला पाहिजे. त्यासाठी निपलवरून निघाल्यावर पाईप सरळ वर घ्या आणि चेसिसवरची पहिली पी-क्लिप शक्य तितकी उंच लावा. मोजलेल्या अंतराला १० ते १५ सेंटीमीटर जोडा, त्याहून जास्त नाही. क्लिप लावल्यावर जॅकने अ‍ॅक्सल वर उचलून बघा, पण गाडी घोड्यांवरून उचलली जाण्याआधी थांबा. पाईप कुठे दुमडतो, कशाला घासतो ते या वेळी दिसतं आणि क्लिप दोन इंच सरकवून सुधारता येतं. वळण ५–७ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा आवळ नको. पाईप चेसिसच्या धारेवरून जात असेल तिथे जुन्या पाईपचा चिरलेला तुकडा वरून चढवा. टाय इतकेच आवळा की पाईप हाताने सरकेल.

निपलवर चढवताना पाईपचं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरा आणि आतून गिअर ऑइलचं बोट फिरवा. पाईप कडेच्या पुढे दोन सेंटीमीटर तरी जायला हवा, क्लॅम्प कडेच्या मागे, मानेवर.

वरचं टोक

कंपनीने टोक बहुतेक वेळा चेसिसच्या वरच्या कडेला सोडलेलं असतं. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तेवढं पुरतं. पाण्यातून जाणं होत असेल तर उंची वाढवा: टाकी भरायच्या नळकांड्याशेजारची पोकळी किंवा मागच्या दिव्यामागची जागा, जिथे चाकाचा फवारा पोचत नाही. टोक आकड्यासारखं वाकवून तोंड खाली ठेवा.

टोकावर काय बसवायचं यावर मतं पडतात. जुन्या गाड्यांतली हलत्या झाकणाची टोपी हवा बाहेर सोडते, पण आत घ्यायला कुरकुरते. पाण्यात उतरल्यावर अ‍ॅक्सलमध्ये तयार झालेली ओढ मग सीलवर येते आणि पाणी तिथून शिरतं. चिखलाने ती चिकटली तर दोन्ही दिशा बंद. टोक उंचावर असेल तर टोपीची गरज राहत नाही. धुळीसाठी छोटा प्लास्टिकचा इंधन फिल्टर लावतात, तो चालतो, फक्त आतला कागद भिजला की हवा अडते. म्हणून जाळीचा घ्या, किंवा हवेच्या मशीनवर असतो तसा सछिद्र पितळी सायलेन्सर. काहीच मिळालं नाही तर उघडं, खाली वळलेलं टोक बंद पडलेल्या टोपीपेक्षा कधीही बरं.

तपासणी

तेल भरायचा प्लग उघडा ठेवून वरच्या टोकातून पुन्हा फुंका. हवा सहज गेली पाहिजे. प्लग लावा, गाडी उतरवा, अर्धा तास चालवा आणि प्लग हळूच सैल करा. आता आवाज यायला नको. पिनियन आणि चाकांच्या बाजू पुसून कोरड्या करा आणि आठवडाभराने बघा. बारीक पाझर बरेचदा एवढ्यानेच थांबतो. सीलची कड आधीच कडक झालेली असेल तर ती बदलावी लागेल, पण नवं सील आता टिकेल. तेलाने भिजलेले लाइनर मात्र धुऊन चालत नाहीत, दोन्ही चाकांचे जोडीने बदला.

नव्या पाईपच्या टोकातून तेलच यायला लागलं, तर पहिला संशय पातळीवर घ्या. गाडी चढावर उभी करून भरलं की जास्त तेल जातं. पातळी बरोबर असूनही येत असेल तर तेल फेसाळतंय का बघा: पाणी मिसळलं असेल किंवा चुकीचं तेल भरलं असेल तर फेस होतो.

तेल दुधाळ निघालं असेल तर एकदा बदलून पुरत नाही, कारण नळ्यांत आणि बेअरिंगवर पाण्याचा थर राहतो. पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचं साधं तेल भरा, वीस-तीस किलोमीटर चालवा, गरम असतानाच काढा. पुन्हा ढगाळ निघालं तर आणखी एकदा. चांगलं तेल त्यानंतर भरा, आणि काढलेल्या तेलात चकचकीत पत्र्याचे कण किंवा काळसर गंज दिसला तर बेअरिंगचा आवाज ऐकायला सुरुवात करा.

गाडी घोड्यांवर आहेच, तर ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स आणि फोर व्हील असल्यास पुढच्या अ‍ॅक्सलचे ब्रीदरही बघून घ्या. त्यांचं रबर याच वयाचं असतं.